पेंडीन ते बोटॅलॅक, समुद्राच्या कडेने

आजची वाट इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली: पेंडीन गावातून लेव्हंट खाण आणि पुढे बोटॅलॅक. इथे कथिल-तांब्याच्या शिरा जमिनीवर संपत नाहीत, सरळ समुद्राखाली जातात. खाणीही मागोमाग गेल्या. लेव्हंटची दीड किलोमीटरहून जास्त. वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडताना कामगारांना ऐकू यायचे म्हणे.

खाणीच्या वाफेच्या इंजिनाचं घर असायचं, त्याच्या तीन भिंती साध्या, चौथी मात्र भलतीच जाड. त्या भिंतीवर इंजिनाची अजस्र तुळई झुलायची. चिमणी खाली दगडी, वर विटांची.

लेव्हंटमध्ये माणसं खालीवर न्यायला इंजिनाने हलणारा, पायऱ्या लावलेला उभा दांडा होता. तो बारा फूट वर जायचा, बारा फूट खाली. त्याच्या पायरीवर उभं राहायचं, हेलकावा संपला की बाजूच्या फळीवर सरकायचं, पुन्हा पुढच्या पायरीवर. २० ऑक्टोबर १९१९ ला दांडा तुळईला जोडणारी लोखंडी पट्टी तुटली. ३१ जण गेले. एक पट्टी!

बोटॅलॅकची आर्सेनिकची नागमोडी दालनं बहुतेक जण फोटो काढून सोडतात. खनिज भाजलं की धूर या वळणांतून फिरायचा, थंड होऊन भिंतींवर आर्सेनिकची विषारी पांढरी पूड धरायची. ती माणसं हाताने खरवडायची. नाकपुड्यांत कापूस, उघड्या अंगाला चिकणमाती. एवढंच संरक्षण.

२००६ पासून हा परिसर जागतिक वारसा. पाऊलवाट सोडू नका, खाणींच्या जुन्या उभ्या विहिरी गवतात दिसत नाहीत. आणि वाऱ्यात छत्री बिनकामाची.