तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांच्या घड्याळात ‘रेडियम’ भरून द्याल का?

रत्नागिरीत घड्याळं दुरुस्त करायला बसलं की हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. रुमालातून जाडजूड स्टीलचं घड्याळ बाहेर निघतं. बाबा बोटीवर होते, तेव्हा आणलेलं. ‘पूर्वी रात्री हिरवं दिसायचं, आता काहीच दिसत नाही. रेडियम भरून द्याल? आणि मग ते घालून पोहता येईल ना?’

रेडियमला माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि पोहण्याला ‘हो, पण’.

आमच्या भागात येणारं असं घड्याळ बहुतेकदा सीको या जपानी कंपनीचं ६३०९-७०४० हे मॉडेल असतं. १९७६ ते १९८८ या काळात ते बनत होतं. मागच्या झाकणावरच्या क्रमांकातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो, दुसरा महिन्याचा. पहिला ३ असेल तर घड्याळ १९८३चं. हा आकडा मी भिंगातून वाचून दाखवतो, कारण तो ऐकल्यावर लोकांना बाबांची ती फेरी आठवते आणि घड्याळाकडे बघण्याची त्यांची नजर बदलते.

अंधारात चमकणाऱ्या कशालाही आपण रेडियम म्हणतो, गाडीवरच्या पट्टीलासुद्धा. खरं रेडियम घड्याळांत होतं ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात ते डायलवर भरणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे झिजले, कित्येकींचा जीव गेला. रेडियम अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात, म्हणजे सत्तर वर्षांत ते जेमतेम ३ टक्के कमी होतं. विझतं ते त्याच्यासोबतचं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड, कारण किरणांच्या माऱ्याने त्याचे स्फटिक खराब होतात. म्हणून तसं घड्याळ काळोखात काळं दिसलं तरी निर्धोक झालेलं नसतं. ते घरी उघडू नका, ठिपके खरवडू तर नकाच. ती धूळ श्वासातून आत जाता कामा नये. नंतरच्या स्विस डायलवर तळाशी ‘टी’ अक्षर दिसतं, ते ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाचं. ते सव्वाबारा वर्षांत अर्धं होतं. जपानी घड्याळांत प्रोमेथियम हा तिसरा किरणोत्सर्गी पदार्थ वापरायचे. ते २.६ वर्षांत अर्धं होतं, म्हणजे २६ वर्षांत हजारावा हिस्सा उरतो.

मग बाबांच्या सीकोतले ठिपके खरवडून नवे भरायला काय हरकत आहे? १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने काढलेली स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड आज मिळते. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, ती उजेड पिते आणि काही तास प्रकाशते. पूड म्हणून मला ती फार आवडते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका डायलवरचे सगळे ठिपके खरवडून नवे भरले. एका ठिपक्याबरोबर खालचा काळा रंगही निघाला, तो मी जुळवला. घड्याळ नेणाऱ्या मुलाने पैसे दिले, घड्याळ बराच वेळ हातात धरलं आणि विचारलं, ‘ती जुनी पूड ठेवलीय का?’ मी ती फेकून दिली होती.

तेव्हापासून डायलला मी हात लावत नाही. ठिपक्यांचा गुळासारखा झालेला तो रंग चाळीस वर्षांनी आणलाय, तो मला मिसळून बनवता येत नाही. पुन्हा रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हेही मला लागतं. आपल्याकडच्या कारागिरांचा हात इतका चांगला असताना आपल्या शहराचं नाव यासाठी घेतलं जावं?

काट्यांची गोष्ट वेगळी. त्यांतली पूड भुगा होऊन मशीनमध्ये पडते आणि घड्याळ अडतं. तिथे मी मागच्या बाजूने पातळ पारदर्शक लॅकर देऊन जुनी पूड जागेवर धरून ठेवतो. रात्री वेळ दिसायलाच हवी असेल, तर नवी पूड भरलेले दुसरे काटे बसवून देतो आणि मूळ काटे पुडीत घालून परत करतो. कधीही पुन्हा लावता येतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी काहीच जुनं ठेवत नाही. मागच्या झाकणाखाली, काचेखाली आणि चावीच्या आत रबरी रिंगा असतात. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, दबून चपटं होतं. त्या बदलणं सोपं आहे. अवघड असतं ते स्टील. रिंग बसते त्या खाचेत घाम आणि मीठ साचून बारीक खड्डे पडतात, आणि आपल्या कोकणात घामाला काय तोटा! खड्डा रिंगेखालून आरपार गेला असेल, तर नवी रिंगही पाणी अडवू शकत नाही. हे मी तोंडावर सांगतो.

तपासणी आधी रिकाम्या केसची, म्हणजे घड्याळाच्या स्टीलच्या कवचाची करतो, मशीन बाहेर ठेवून. बंद नळकांड्यात ती पाण्याच्या वर टांगायची, हवेचा दाब द्यायचा, थोडं थांबायचं, मग ती पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडायचा. कुठे फट असेल तर आत शिरलेली हवा तिथूनच बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे दिसले की केस लगेच वर उचलायची, नाहीतर मागोमाग पाणी आत जातं. माझं यंत्र ६ बार दाबापर्यंत जातं, म्हणजे स्थिर पाण्यात साधारण ६० मीटर. डायलवर १५० मीटर लिहिलंय, पण लिहिलेल्या आकड्याची हमी मी देत नाही. मी तपासलेल्या दाबाचीच देतो.

तेव्हा पोहा, जरूर पोहा. उतरण्याआधी चावी पूर्ण आवळलीय ना, बघा. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरा. काचेच्या आत कधी वाफ दिसली, तर त्याच दिवशी घेऊन या, उन्हात वाळवत ठेवू नका. आणि पाऊस सरला की, समुद्रात उतरण्याआधी, दरवर्षी एकदा दुकानात चक्कर मारा. तपासायला पंधरा मिनिटं लागतात.