पिठाचा खण

फ्रँकफर्टच्या ऱ्योमरश्टाट वसाहतीतल्या जुन्या घरांची मोजमापं घेणं हे माझं काम. वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय यांच्या आराखड्यानुसार १९२७-२८ मध्ये ही वसाहत उभी राहिली. इथली मूळ स्वयंपाकघरं बहुतेकांनी केव्हाच काढून टाकलीत. त्यामुळे त्या घराच्या तळघरात कोपऱ्यातल्या कपाटावर टॉर्च पडला, तेव्हा मी जागीच थांबले. अ‍ॅल्युमिनियमचे चोचीचे खण, मागे मूठ, समोर उठावाची अक्षरं: ‘साखर’, ‘तांदूळ’. साखरेत स्क्रू होते, तांदळात खिळे. पिठाचा खण तेवढा ओक लाकडाचा. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अळ्या होत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. वरचा पांढरा रंग नखाने खरवडला, तर खाली निळा निघाला. निळ्यावर माश्या बसत नाहीत, अशी तेव्हाची समजूत.

हे कपाट ‘फ्रँकफर्ट किचन’मधलं. ते स्वयंपाकघर म्हणजे वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांचं १९२६ सालचं काम. खोली जेमतेम १.८७ मीटर रुंद, ३.४४ लांब. बाईची पावलं मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली. त्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. बाईच्या कष्टांचा इतका बारीक विचार तेव्हा किती जण करत होते?

पुस्तकांत मी या स्वयंपाकघराचे जे फोटो पाहिले, त्यांत ओटा मोकळा, माणूस नाही. घरमालकीण आजी नव्वदीच्या पुढच्या. मी खालून वर आले तशी त्यांनी कातरी कडांचा एक फोटो पुढे केला. मागे पेन्सिलीने १९३८. खिडकीपाशी आई बटाटे सोलतेय आणि फिरत्या स्टुलावर चार वर्षांच्या आजी बसल्यात. स्टूल खरं तर आईने बसून काम करावं म्हणून होतं. ती उभी आहे. तिची कंबर एकीकडे ओट्याला, दुसरीकडे पोरीच्या गुडघ्यांना टेकलीय. एकटीसाठी आखलेल्या जागेत दोघी.

“सरकत्या दारातून माझ्यावर लक्ष ठेवता यायचं तिला,” आजी म्हणाल्या. “पण मी बाहेर राहायचेच नाही.”

शनिवारी तळघर रिकामं होणार होतं. मी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला: कपाटाला हात लावायचा नाही. मग आजींनी बिस्किटांचा रिकामा डबा दिला आणि आम्ही दोघींनी खाली बसून साखरेतले स्क्रू त्यात काढले.