एल्डोराची माती

काल एकदाचं एल्डोराला जाऊन आलो. ओहायोतलं रॉसबर्ग, आजूबाजूला सगळी शेती आणि मध्येच कार शर्यतींचा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. वळणावर गाड्या आडव्या घसरत येतात आणि चिखलाची ढेकळं थेट आपल्या नाचोजमध्ये! केसांत, कानांत, दातांखाली, सगळीकडे माती. बायको वैतागेल वाटलं, तर ती हसतच सुटली.

अर्ल आणि बर्निस बाल्टेस या नवराबायकोने १९५४ मध्ये हा ट्रॅक सुरू केला. अर्ल मूळचा बँडवाला. २००१ मध्ये पठ्ठ्याने एका शर्यतीला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं! २००४ मध्ये कार शर्यतपटू टोनी स्टुअर्टला विकेपर्यंत पन्नास वर्षं दोघांनी गाडा ओढला. आम्ही नवराबायकोने मंडळाच्या गणपतीचा हिशोब एकत्र केला, तर आठवडाभर अबोला. सप्टेंबरात इथली 'वर्ल्ड १००' शर्यत बघायचीच. गॉगल मस्ट.