जरा हलकं करा, मेस्त्री

कोल्हापुरात कुठलीही वस्तू दणकट करून मिळते. हलकी करून मागा, मग बघा माणसं कशी बघतात तुमच्याकडं. गेट असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो नाहीतर गच्चीवरचा झोपाळा, उद्यमनगरात, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या वस्तीत, गेलं की मेस्त्री आधी पाइप बोटानं वाजवून बघणार आणि मग म्हणणार, "जरा जाड घेऊया की, कशाला कच्चं काम?" हातात घेतलेली वस्तू जड लागली की ती चांगली, हे आपल्या रक्तातच आहे. त्यामुळं मारुती व्हॅनच्या टपावर बसवायला कॅरिअर पाहिजे आणि तो हलकाच पाहिजे, हे पटवायला मला कॅरिअर डिझाइन करण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

व्हॅन म्हणजे तीच आपली ओम्नी. १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ पासून ओम्नी झाली आणि २०१९ ला बंद पडली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली, म्हणजे उन्हाळ्यात ड्रायव्हरला बसल्या जागी शेक. पण मागं जागा अशी की सीट आडवी पाडून प्लायवूडची फळी टाकली की दोन माणसं झोपतात. आम्ही तिला कॅम्पर व्हॅन म्हणतो, शेजारचे काय म्हणतात ते सोडा. अडचण एवढीच की माणसं झोपली की सामान बाहेर आणि सामान आत घेतलं की माणसं बाहेर. मग सामान टपावर टाकण्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

कॅरिअर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वडापची जीप येते. टपावर पोती, सायकल, कोंबड्यांची डालगी आणि बाजाराच्या दिवशी दोन माणसंपण. मेस्त्रींच्या डोक्यात तेच होतं. मी वहीत चित्र काढून नेलेलं, साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, मध्ये चार आडव्या दांड्या, पाइप एक इंची चौकोनी, १६ गेज, म्हणजे पत्रा दीड एमएमच्या जरा वर जाड. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, ह्याच्यावर काय वाळवण घालायचं हाय व्हय? दीड इंची तीन एमएम घ्या. उद्या म्हैस जरी चढली तरी वाकाय न्हाई पायजे."

मी म्हटलं मेस्त्री, म्हैस चढणार नाही. आणि चढलीच तर कॅरिअर वाकणार नाही हे कबूल, पण खालची गाडी बसेल की.

मग मी हिशोबच मांडला, कारण कोल्हापुरी माणूस भावनेनं ऐकत नाही पण किलोनं ऐकतो. एक इंची १६ गेजचा पाइप मीटरला सव्वा किलोच्या जरा आत बसतो. दीड इंची तीन एमएमचा सव्वातीन किलोच्या वर जातो. आपल्याला लागतोय सव्वाअकरा मीटरच्या आसपास, म्हणजे एक कॅरिअर तेरा किलोचा आणि दुसरा सदतीस किलोचा. मधले चोवीस किलो हे सामान नाही, नुसता लोखंडाचा रुबाब आहे, आणि तो कायम डोक्यावर घेऊन फिरायचा, रिकामी गाडी असली तरीपण. बरं तो रुबाब पेलणार कोण, तर कागदासारखा पत्रा, जो हाताच्या तळव्यानं जरा दाबला तर आत जातो आणि सोडला की टॉक करून वर येतो. कॅरिअर कितीही दणकट करा, ताकद शेवटी खाली ज्याच्यावर टेकलाय त्याचीच. ह्यावर मेस्त्री थोडा वेळ गप्प बसले आणि "बरं, तुमची मर्जी," म्हणाले. 'बघू किती दिवस टिकतंय' हे ते तोंडानं बोलले नाहीत एवढंच.

पण एकदा कामाला लागल्यावर माणूस असला भारी की बघत बसावं. आधी चौकट नुसती टाके मारून उभी केली, पूर्ण वेल्डिंग नाही. मग खिशातनं सुतळी काढली, ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात धरली, चिमटीत माप पकडून दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर नेली. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक आला. लांब भरलेल्या कोपऱ्यावर हातोड्याचा एक ठोका, परत सुतळी, अजून एक हलका ठोका, आणि दोन्ही कर्ण सारखे. गुण्या नाही, लेसर नाही. वेल्डिंगपण एका कडेनं सरळ ओढत नेली नाही, एक जोड ह्या टोकाला तर दुसरा समोरच्या टोकाला, कारण तापलेलं लोखंड थंड होताना ओढतं आणि एका बाजूनंच गेलं तर अख्खी चौकट पिळवटते.

ओम्नीला टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ आहे, पावसाचं पाणी वाहून न्यायला. जुन्या गाड्यांना ही असायचीच, आता बऱ्याच नव्या गाड्यांना तशी उघडी पन्हळ दिसत नाही. आमच्यासारख्यांना ती म्हणजे देवच, कारण टपाला एकही भोक न पाडता कॅरिअर बसतो. पाय पन्हळीत टेकवायचा, बाहेरून वाकवलेली पट्टी पन्हळीच्या ओठाखाली अडकवायची आणि बोल्ट आवळायचा. पाय चार नाही तर सहा केले आणि जमेल तेवढे दारांच्या खांबांवर आणले, कारण तिथं पत्र्याखाली खरी ताकद असते. बोल्टला नायलॉकचे नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, धक्क्यानं न सुटणारे, नाहीतर आपले रस्ते आठवड्याभरात सगळं ढिलं करतात. आणि पायाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रंग खरवडू नये म्हणून.

इथं एक बारीक गोष्ट आहे. पाय पन्हळीत गच्च बसला की पाण्याची वाट अडते. एका मित्राच्या गाडीला तसंच झालेलं. पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर काच खाली केली की अडलेलं पाणी बरोब्बर ड्रायव्हरच्या कोपरावर. म्हणून प्रत्येक पायाखाली कानशीनं करंगळीएवढी खाच पाडून घेतली. मेस्त्रींना ही आयडिया लै आवडली. त्यांनी वर स्वतःहून पाइपांची तोंडं बंद केली आणि खालच्या बाजूला बारीक भोकं ठेवली, आत पाणी शिरलं तर निघून जावं म्हणून. पाइप बाहेरनं कितीही रंगवा, गंज आतनं येतो.

वाऱ्याचं प्रकरण निराळंच. समोरची आडवी दांडी तेवढी मुद्दाम गोल पाइपची घेतली होती, आणि कागलच्या दिशेनं हायवेला सत्तरच्या पुढं गेलं की ती गायला लागली. गोल पाइपच्या मागं वाऱ्याचे भोवरे एकदा वरनं एकदा खालनं सुटतात आणि ठरावीक तालात सुटले की घुमतं. एक इंची पाइपला सत्तरच्या स्पीडला हा ताल सेकंदाला दीडशेच्या आसपास पडतो, म्हणजे चांगला खर्जातला हूंऽऽ. उपाय फुकटातला, पाइपला नायलॉनची दोरी अंतर सोडून तिरकी गुंडाळायची. मग सगळीकडचे भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत आणि आवाज मोडतो. कारखान्यांच्या काही उंच पत्र्याच्या चिमण्यांना वरच्या भागात गोल फिरत जाणारी पट्टी असते ना, ती शोभेची नसते, तिचंपण काम हेच. अर्थात दोरीनं आवाज जातो, वारा जात नाही. स्पीड दुप्पट केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, तेव्हा टपावर गठुडं असलं की साठवर समाधान मानायचं.

कायद्याचंपण बघावं लागतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. आमचा कॅरिअर पान्यानं सुटतो, तरी वेल्डरकडं जायच्या आधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

आता खरा वाद घरातला. वर काय ठेवायचं? माझा नियम साधा, आकारानं मोठं आणि वजनानं हलकं ते वर. गाद्या, घडीच्या खुर्च्या, ताडपत्री, रिकामे कॅन. पाण्याचा भरलेला वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, तो खाली. बॅटरी खाली, शेगडी खाली. बारा इंची चाकांची ही गाडी, डोक्यावर वजन घेऊन करूळ घाटाच्या वळणावर गेली की अशी झुकते की आतल्या माणसांना आपोआप देव आठवतो. बायकोला हे पटलं. आईला नाही पटलं. तिचं म्हणणं, कॅरिअर केलाय कशाला मग, वैभववाडीच्या पाहुण्यांनी दिलेले फणस मांडीवर घेऊन बसू का? फणस वजनदार, शिवाय गोल, वळणावर सुटला तर मागच्या गाडीचं काय, हे सगळं मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. फणस आतच ठेवले, तिच्या पायाशी, त्यातला एक पिकलेला, आणि ओम्नीला एसी नाही.