पांढऱ्या पानांचे कॅलेडियम

माझ्याकडील कॅलेडियममध्ये सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती 'कँडिडम'ची, आणि माझा जीवही त्याच्यावरच सर्वांत जास्त आहे. १८६८ साली लागवडीत आलेला हा वाण आजही जगभर लावला जातो, आणि त्याच्या शुभ्र पानावरील हिरव्या शिरांचे जाळे पाहिले की त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

पान पांढरे दिसते, कारण त्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते. अन्न तयार करण्याचे सारे काम शिरांलगतच्या आणि कडेच्या हिरव्या पट्ट्यांवर येऊन पडते. त्यामुळे हे झाड सावलीत ठेवावे असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अर्धाच खरा वाटतो. दाट सावलीत देठ उजेडाच्या दिशेने लांबत जातात आणि शेवटी पानाच्या भाराने वाकतात. दुपारच्या थेट उन्हात मात्र पांढऱ्या भागावर तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन किंवा मोठ्या झाडाखालचा कवडशांचा उजेड त्याला मानवतो. खतातही हात आवरता घ्यावा, कारण नत्र जास्त झाले की पानांत हिरवा रंग वाढू लागतो.

कंद लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याची मुळे कंदाच्या तळातून नव्हे, तर वरच्या बाजूने, कोंबाच्या बुडाशी फुटतात. म्हणून कंदावर सुमारे पाच सेंटिमीटर मातीचा थर हवा. माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा करणारी आणि किंचित आम्लधर्मी असावी, आणि तिचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय लागवडीची घाई करू नये. थंड, ओल्या मातीत कंद रुजण्याआधीच कुजतो. मधला मोठा डोळा अलगद कोरून काढल्यास बाजूचे डोळे फुटतात आणि झाड भरगच्च होते. पाने थोडी लहान राहतात, पण मला तीच मांडणी अधिक आवडते.

पहिल्या वर्षी दिवस लहान होऊन गारवा वाढला, तशी पाने मलूल होऊन आडवी पडू लागली. झाडाला तहान लागली आहे असे समजून मी पाणी वाढवले आणि सगळे कंद गमावले. उकरून पाहिले तेव्हा हातात केवळ लगदा आला. ती तहान नव्हती, सुप्तावस्थेची सुरुवात होती. आता पाने झुकू लागली की मी पाणी हळूहळू तोडतो, पाने पूर्ण वाळल्यावर कंद काढतो, आठवडाभर हवेशीर सावलीत सुकवतो आणि कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवतो. ही जागा १५ अंशांपेक्षा थंड असता कामा नये.

अळूच्या कुळातील या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान किंवा कंद चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते, म्हणून लहान मुले आणि पाळीव प्राणी पोहोचतील अशा जागी मी कुंडी ठेवत नाही; साठवणीच्या डब्यावरही आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहून ठेवतो.