केळीच्या घडाचे रेखाटन : टॅबचा क्रम जुळवताना

घडाच्या बाह्यरेषा पूर्ण झाल्यानंतरचे चार दिवस इंकस्केप या चित्रे रेखाटण्याच्या संगणकप्रणालीत एकही नवी रेषा न ओढता गेले. आठ फण्या आणि प्रत्येक फणीत चौदा, अशी एकशे बारा केळी एकाच मूळ आकाराच्या नकला आहेत, आणि छटा देण्यासाठी त्यांतले नेमके हवे ते केळे निवडणे हेच मोठे काम होऊन बसले. रावेर-यावलकडच्या बागांतला घड ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना अडचण लगेच कळेल. फणीत केळ्यांच्या दोन ओळी असतात आणि मागची ओळ पुढचीआड दडते. शिवाय केळी वर वळलेली असल्यामुळे खालच्या फणीची टोके वरच्या फणीच्या बुडावर येतात. अशा दाटीत क्लिक केले की समोरचेच केळे हाती लागते.

'एडिट'मधील 'सिलेक्ट सेम' ही सोय सर्वांचा रंग एकदम बदलायला उत्तम आहे, पण एकावरून दुसऱ्यावर जायला तिचा उपयोग नाही. शिवाय ती रंगाचा संकेतांक तंतोतंत जुळला तरच वस्तू निवडते. फोटोतून रंगशोषकाने उचललेला हिरवा पाच केळ्यांत किंचित वेगळा होता, ती पाचही सुटली आणि मला दुसऱ्या दिवशी दिसली. आल्ट दाबून क्लिक केल्यास खालची वस्तू मिळते खरी, मात्र माझ्या लिनक्सवर त्या जोडीने खिडकीच सरकत होती. डेस्कटॉपच्या मांडणीत खिडकी हलवण्यासाठी सुपर ही (बहुधा विंडोजचे चिन्ह असलेली) कळ नेमून दिल्यावर ते थांबले.

खरा मार्ग टॅबनेच दाखवला. टॅब दाबल्यावर निवड पुढच्या वस्तूवर आणि शिफ्ट-टॅबने मागच्या वस्तूवर जाते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पण 'पुढची' म्हणजे चित्रात शेजारची नव्हे, तर थरांच्या उतरंडीत वरची, हे मी लक्षातच घेतले नव्हते. काहीच निवडलेले नसताना टॅब सर्वांत तळाची वस्तू घेतो आणि शिफ्ट-टॅब सर्वांत वरची, म्हणजे थर हलवलेले नसतील तर शेवटी काढलेली. मी नकला हाताला येतील तशा टाकल्या होत्या, त्यामुळे निवड पहिल्या फणीतून सहावीत आणि तिथून तिसरीत उड्या मारत होती.

म्हणून उतरंडच घडाप्रमाणे लावली. प्रत्येक फणीचा ग्रुप केला आणि दांड्याजवळच्या फणीपासून सुरुवात करून एकेक ग्रुप निवडत होम दाबत गेलो. होमने वस्तू सर्वांत वर येते, त्यामुळे शेवटची, सर्वांत खालची फणी आपोआप सर्वांपुढे आली. ग्रुपमध्ये कंट्रोल-एंटरने शिरून मागची ओळ आधी आणि पुढची नंतर, डावीकडून उजवीकडे, अशीच लावली. आता ग्रुपच्या आत टॅब केवळ त्या फणीतल्या चौदा केळ्यांवरून ओळीने फिरतो, निवडलेले केळे ३ ही कळ दाबताच पडदाभर दिसते, आणि कंट्रोल-बॅकस्पेसने बाहेर पडता येते. जी उतरंड झाकाझाकीसाठी योग्य होती, तीच फिरण्यासाठीही योग्य निघाली, याचे मला अजून नवल वाटते.

नकलांऐवजी क्लोन, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेल्याच राहणाऱ्या प्रती, का वापरले नाहीत, असे कोणी विचारील. मूळ आकाराला रंग दिलेला असेल, तर क्लोनला स्वतःचा वेगळा रंग देता येत नाही, आणि मला प्रत्येक केळ्याची हिरवी छटा निराळी हवी आहे.

आज तिसऱ्या फणीतले नववे केळे झाले. केळफुलाला अजून हात लावलेला नाही. त्याच्या पाकळ्या मात्र पहिल्यापासून आतून बाहेर अशा क्रमानेच काढणार आहे.