सेसिल म्हणे

आमच्या शाळेत नाताळच्या सुट्टीआधी एक गाण्यांची संध्याकाळ असायची. गॅदरिंग वेगळं हां, ते जानेवारीत, त्यात नाच, नाटकं, फॅन्सी ड्रेस सगळं. ही संध्याकाळ म्हणजे नुसतं गाणं, तेही हिम्स, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं. शाळा मिशनची, पुण्यात कॅम्पातली, पण कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूत, निम्म्याहून जास्त पोरं आमच्यासारखी, घरी शुभंकरोती म्हणणारी. मी घरी सांगितलं की मला हिम गायला घेतलंय, तर आजी म्हणाली, "बर्फावरचं गाणं का रे?"

संगीताचे सर स्वतः पियानोवर. प्रत्येक गाण्याआधी उठायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि गाणं लिहिणाऱ्याची गोष्ट सांगायचे. त्यांचं म्हणणं असं की अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं म्हणून कुणाचं ते कळतं, या लोकांनी आपलं नाव गाण्यात कुठेच घातलं नाही, मग ते मीच नको का सांगायला. झालं, पोरांना तेवढंच हवं होतं. प्रॅक्टिसला गाणं संपलं की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "चार्ल्स म्हणे" करायचं.

सगळ्यात लाडकी सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर. 1818 साली डब्लिनमध्ये जन्मली, आणि 1848 मध्ये, लग्नाच्याही आधी, खास लहान मुलांसाठी हिम्सचं पुस्तक काढलं. धर्मशिक्षणातली रुक्ष वाक्यं पोरांच्या डोक्यात शिरावीत म्हणून एकेका वाक्यावर एकेक गाणं. त्यातल्या हिरव्या टेकडीच्या गाण्यात टेकडी 'विदाउट' सिटी वॉल आहे असं येतं, आणि आम्ही आठवडाभर वाद घातला की टेकडीला भिंत नाही यात सांगण्यासारखं काय आहे, कुठल्या टेकडीला असते? मग सरांनी फळ्यावर एक गाव काढलं, त्याला तटबंदी काढली आणि टेकडीवर टिचकी मारून म्हणाले, वेशीबाहेर रे गाढवांनो, वेशीबाहेर. पुस्तकाचे पैसे उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्राबेन गावच्या मूकबधिर मुलांच्या शाळेला गेले. ज्यांना गाणं ऐकूच येणार नाही त्यांची शाळा गाण्यांवर चालली, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं, अजूनही वाटतं. तिच्याच एका गाण्यात श्रीमंत त्याच्या वाड्यात नि गरीब त्याच्या दारात, देवानेच तशी व्यवस्था केली, असं एक कडवं आहे. ते सर गाऊ द्यायचे नाहीत. "बाई चांगली होती, पण हे चुकलं तिचं," एवढंच म्हणायचे. बऱ्याच हिम्सच्या पुस्तकांनीही ते नंतर गाळलं.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या उपासनेची सुरुवात 1919 पासून तिच्याच दाऊदाच्या नगरीच्या गाण्याने ('वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी') होते, पहिलं कडवं एकटा मुलगा गातो आणि कोण ते अगदी ऐनवेळी ठरतं. सरांनी तीच पद्धत उचललेली. आठवीत त्यांचं बोट माझ्याकडे वळलं, नेमकं आवाज फुटायचं वर्ष! पहिली ओळ मुलाची, दुसरी बाप्याची. पालकांच्या रांगेत आजी मात्र मान डोलावत होती.

चार्ल्स वेस्लीची गोष्ट छोटी. सहा हजारांवर हिम्स लिहिली, आणि सगळ्यात गाजलेल्या 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' या नाताळगीताची पहिली ओळच त्याची नाही, ती त्याच्या काळच्या जॉर्ज व्हाइटफील्ड या प्रवचनकाराने बदलली. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सनची, तीही 1840 मध्ये छपाईच्या शोधाच्या उत्सवासाठी केलेली, 1855 मध्ये कमिंग्ज नावाच्या इंग्रज ऑर्गनवाल्याने ती या शब्दांना बसवली. म्हणजे 'चार्ल्स म्हणे' पण पूर्ण खरं नाही.

शेवटी नेहमी हेन्री लाइट. जन्म स्कॉटलंडचा, शिकला आयर्लंडमध्ये, आयुष्य गेलं इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावात. छाती पोखरलेली, 1847 च्या सप्टेंबरात शेवटचं प्रवचन करून हवापालटासाठी निघाला आणि नोव्हेंबरात आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीसला वारला. त्याचं 'अबाइड विथ मी' गांधीजींचं आवडतं, कित्येक वर्षं बीटिंग रिट्रीटला वाजायचं, म्हणून ते पालकांनाही ठाऊक असे. एका वर्षी याच गाण्यात, अंधार दाटतोय म्हणतानाच, हॉलचे दिवे गेले. सर वाजवत राहिले, आम्ही गात राहिलो, सायक्लोस्टाइलचे कागद दिसेनात तर दुसऱ्या कडव्याऐवजी सगळ्यांनी पहिलंच पुन्हा म्हटलं. गाणं संपलं, टाळ्या नाहीत काही नाही, काळाकुट्ट अंधार, आणि पियानोच्या दिशेनं सरांचाच आवाज आला, "लाइट म्हणे..."